"ताई, चार रात्री एकटाच रानात राहणार आहे, फक्त सुरी आणि ताडपत्री घेऊन"

पत्र: ताई, मी २६ वर्षांचा, पिंपरीत एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. दोन वर्षं रोज रात्री बुशक्राफ्टचे, म्हणजे रानात कमीत कमी सामानावर राहायच्या कलेचे, व्हिडिओ बघतोय. ट्रेक बरेच केलेत पण सगळे ग्रुपबरोबर. आता २६ जानेवारीला जोडून सुट्टी टाकून हरिश्चंद्रगडाच्या खालच्या जंगलात चार रात्री एकट्याने काढायच्या आहेत. टेंट नाही, शिधा नाही. सुरी, फेरो रॉड (ठिणग्या पाडायची कांडी), ताडपत्री आणि एक लिटरची स्टीलची बाटली एवढंच. पानांची गादी करणार, ओढ्याचं पाणी उकळून पिणार, फासकी लावून ससा मिळाला तर बघणार, आणि वाट चुकलोच तर ओढा धरून खाली उतरणार. घरी कंपनीची ट्रिप म्हणून सांगणार, नाहीतर आई घाबरेल. हा वेडेपणा आहे का? अजून काय न्यावं? – रानवेडा, पिंपरी

उत्तर:

वेडेपणा अजिबात नाही रे. दिवसभर मशीनच्या आवाजात उभं राहणाऱ्या माणसाला आपल्या हाताने जाळ पेटवावासा वाटतो, चार झाडांच्या मधे एकटं पडून रात्र ऐकावीशी वाटते, ही ओढ मला नीट कळते. मी पंचवीस वर्षं सह्याद्रीत फिरतेय आणि त्यातल्या बऱ्याच रात्री एकटीने काढल्यात, त्यामुळे एकटा जाऊ नकोस असं मी तुला सांगणार नाही. पण तू लिहिलायस तो प्लॅन घेऊन जाऊ नकोस. का ते सांगते, जरा सविस्तर सांगते, कारण तू दोन वर्षं मन लावून शिकलायस आणि तुला नुसतं "नको" म्हणून वाटेला लावणं बरोबर नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट खटकली. तू जे शिकलायस ते दुसऱ्याच्या रानाचं शिकलायस. ते व्हिडिओ करणारी माणसं खरी आहेत, त्यांचे हातही तयार आहेत, पण बहुतेकांचं जंगल कॅनडातलं नाहीतर स्वीडनकडचं, सूचीपर्णी झाडांचं, जिथे पायाखाली गार ओलसर शेवाळ आहे. आपलं रान काळ्या कातळाचं, जानेवारीत वाळून कडकडीत झालेल्या गवताचं, आणि दगडाखाली फुरशासारखा विषारी साप असलेलं. त्यांच्याकडे जे शहाणपण आहे तेच आपल्याकडे जीवावर बेतू शकतं.

ओढ्याचंच घे. वाट चुकलास तर ओढा धरून खाली उतरायचं, माणसं सापडतात, हे सगळ्या व्हिडिओत सांगतात आणि सपाट मुलखात ते खरंही असेल. पण सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे थर. प्रत्येक थराला एक पायरी, पायरीखाली उभा कडा, मग झाडीचा पदर, परत कडा. घाटमाथ्यावरचा ओढा कोकणाच्या बाजूला धरलास की पहिले अर्धा तास छान वाटतं, सावली असते, दगडावरून उड्या मारत माणूस भराभर उतरतो, आणि मग ओढा एकदम संपतो. पावसाळ्यात जिथे धबधबा पडतो तिथे तू काठावर उभा असतोस आणि ज्या दोन-तीन टप्प्यांवरून सरकत खाली आलास ते आता परत चढता येत नाहीत. आपल्याकडे रेस्क्यूवाल्यांना माणसं अशाच नाळेत, म्हणजे अरुंद उभ्या घळीत, अडकलेली सापडतात. म्हणून आपल्या डोंगरातला नियम उलटा आहे बघ. चुकलास की खाली जायचं नाही, जिथे शेवटची खात्रीची खूण होती तिथे परत यायचं, तेही जमत नसेल तर उघड्यावर, दिसशील अशा जागी बसून राहायचं आणि शिट्टी वाजवायची, मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत सहा. आणि ढोरवाटांपासून सांभाळून. गुरांनी पाडलेली वाट माणसाच्या वाटेपेक्षा जास्त मळलेली दिसते आणि गवतात जाऊन विरते, तिला गावाशी काही देणंघेणं नसतं.

आता पानांची गादी. दिसायला फार छान दिसते ती, मलाही मोह झाला होता. पण आपल्याकडे मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या जवळ येते, आणि तिचा दंश कित्येकदा मुंगी चावल्याइतकाही कळत नाही. सूज नाही, आग नाही. माणूस कूस बदलून परत झोपतो आणि पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात. एकट्या माणसाने तर वाळक्या पानांच्या ढिगावर अंग टाकूच नये. तळ शिवलेला, चेन पूर्ण बंद होणारा छोटा टेंट घे नाहीतर मच्छरदाणीवाला हॅमॉक दोन झाडांना बांध. त्याने तुझ्या बुशक्राफ्टला कमीपणा येत नाही, आपल्या रानातला निवारा जमिनीपासून अंग वेगळं ठेवतो, एवढंच समज. बूट रात्री आत घे, सकाळी झटकून घाल.

सापावर अजून थोडं लिहू दे, कारण एकटं जाण्याचा खरा प्रश्न इथेच आहे. खूप वर्षांपूर्वी डिसेंबरात एका पठारावर मी चुलीसाठी दगड गोळा करत होते, ऊन उतरलं होतं, घाई होती. एक चपटा दगड उचलला आणि खालून करवतीने लाकूड घासावं तसा आवाज आला. फुरसं. वीतभर लांब, मातीच्याच रंगाचं, अंगाची वेटोळी एकमेकांवर घासत होतं, त्याचाच तो आवाज. माझी बोटं त्याच्यापासून चार इंचावर होती. मी दगड तसाच धरून मागे सरकले, काही झालं नाही, पण त्या रात्री मी झोपले नाही आणि एकच हिशोब करत राहिले की चावलं असतं तर काय केलं असतं. साप चावल्यावर करायचं काय तर चावलेला हातपाय हलवायचा नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही, आणि लवकरात लवकर दवाखान्यात पोचायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस असते पण ती दवाखान्यातच मिळते. आता दोघं असाल तर एक जण पडून राहतो आणि दुसरा माणसं आणतो. एकटा असशील तर हलायचं नाही आणि पोचायचं आहे, हे दोन्ही एकाच माणसाने कसं करायचं? म्हणून एकट्याने कुठे राहायचं हे ठरवताना पहिला प्रश्न पाणी कुठे हा नसून हाक मारली तर ऐकणारं माणूस किती लांब, हा असला पाहिजे.

नंतर एका ठाकर मामांनी मला दगड उलटायला शिकवला. आधी काठीने दोनदा टकटक करायचं, मग काठीनेच पलीकडची कड धरून दगड आपल्याकडे उलटायचा, म्हणजे दगडाचं तोंड पलीकडे उघडतं आणि खाली जे असेल ते तुझ्यापासून लांब जातं. हे एवढंसं आहे, दोन मिनिटांत शिकता येतं, पण मी तोवर पाहिलेल्या कुठल्याच व्हिडिओत ते नव्हतं.

फासकीचा विचार मात्र आजच्या आज डोक्यातून काढून टाक, इथे मी जरा कडक बोलतेय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दात फास लावणं, सापळा लावणं आणि त्याचा नुसता प्रयत्नही येतो. ससा मिळाला नाही तरी गुन्हा झालाच. आणि कायदा बाजूला ठेव, फासकी काय निवडून धरते का? डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबटे अडकून कमरेतून कापले जातात आपल्याकडे. तुला ते नको आहे, मला खात्री आहे. शिधा घेऊन जा. तांदूळ, मूगडाळ, गूळ, शेंगदाणे, दोन दिवसांच्या भाकऱ्या. उपाशीपोटी तिसऱ्या दिवशी माणसाचे निर्णय चुकायला लागतात, आणि एकटा असताना तुझे निर्णय हीच तुझी दोरी असते.

जागेचंही तसंच. हरिश्चंद्रगडाच्या आजूबाजूचं बरंचसं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. तिथे मनाला येईल तिथे मुक्काम टाकता येत नाही, फांद्या तोडता येत नाहीत, आणि रानाला धोका होईल असा जाळ करायला बंदी आहे. जानेवारीच्या शेवटी कमरेएवढं वाळलेलं गवत असताना बिनधोक जाळ असतो कुठे? तिथून पुढे मेपर्यंत वणव्यांचे दिवस. एक ठिणगी वाऱ्याने उडाली तर अख्खं पठार जातं, त्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात, वाडीतल्या लोकांचा गुरांचा चारा जातो. राखीव जंगलातही १९२७ चा वन कायदा आहे, तिथेही हेच.

मग करायचं काय? मालकीची जागा शोधायची. आणि हे मी तडजोड म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः सगळ्यात जास्त शिकले ते अशाच जागेत. अकोले, जुन्नर, मावळ, मुळशी, कुठेही डोंगराच्या पायथ्याला ठाकर नाहीतर महादेव कोळी लोकांची एखादी वाडी बघ. तू ट्रेक केलेत म्हणतोस म्हणजे कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी खाल्ली असशीलच, त्यांनाच फोन कर. मामा, तुमच्या वावराच्या कडेला एक रात्र राहू का, आणि मला थोडं रान शिकवाल का, असं सरळ विचार. दिवसभर त्यांचं काम बुडणार म्हणून पैसे आधी ठरव आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्त दे. शिकवणारा आहे तो, तुझा गाइड म्हणून ओझी उचलायला नाही.

तिथे गेल्यावर आधी त्यांच्या कमरेकडे बघ. मागे लाकडी आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता. तुझी सुरी महाग असेल, चांगलीही असेल, पण कोयत्याने ते लोक लाकूड फोडतात, काटे सारतात, बांबू सोलतात, काठीला टोक काढतात, आणि तो बोथट झाला तर ओढ्यातल्या दगडावर धार लावतात. एक दिवस नुसता कोयता चालवायला शीक. डावा हात कुठे ठेवायचा आणि पाय किती फाकवून उभं राहायचं हे नीट बघ, एकट्याने असताना माणसं स्वतःलाच कापून घेतात ती इथेच.

मग जाळ. फेरो रॉडची ठिणगी पडते रे, ती कशावर पडते हा प्रश्न आहे. घाटमाथ्यावर जानेवारीत पहाटे इतकं दंव पडतं की दुपारी कुरकुरीत असलेलं गवत चार वाजता ओल्या फडक्यासारखं होतं. मी एकदा पाऊण तास ठिणग्या पाडत बसले होते, बोटं गार पडून रॉड हातातून सुटायला लागला होता. जुनी माणसं चंचीत चकमक ठेवायची, लोखंडाचा तुकडा, गारगोटी आणि सावरीचा कापूस नाहीतर भेरली माडाचा भुसा. तो कापूस नेहमी कोरडा, अंगाशी ठेवलेला. तूही तेच कर, संध्याकाळीच सरपण आणि काडीकचरा गोळा करून ताडपत्रीखाली घे, आणि पेटवायचा कापूस शर्टाच्या आतल्या खिशात. दुसरं म्हणजे रानशेणी. गुरं चरून गेलेल्या माळावर शेण पडल्या जागी वाळतं ना, ती शेणी. एकदा धरली की आत निखारा तासन्‌तास जिवंत ठेवते, फुंकलं की परत लाल. लाकडावर लाकूड घासून जाळ काढायचा असेल तर तेही मामांना विचार, यज्ञातल्या अरणीचं मंथन म्हणजे तुझ्या व्हिडिओतल्या बो ड्रिलचाच (धनुष्याच्या दोरीने काठी फिरवून जाळ काढतात त्याचाच) भाऊ आहे, लाकूड कुठलं घ्यायचं एवढं आपलं वेगळं. पण जाळ फक्त मोकळ्या वावरात, चारी बाजूंनी दहा-दहा फूट गवत साफ करून, शेजारी पाण्याची बादली ठेवून. विझवल्यावर राखेत हात घालून बघ, गार लागली पाहिजे.

दोर वळायला तर तू आत्ताच, पिंपरीतल्या खोलीत बसून सुरू करू शकतोस. घायपाताचं एक पान मिळव, काटे कापून टाक, पान दगडावर ठेचून गर काढून धू म्हणजे पांढरा वाख राहतो. तो वाळव आणि दोन पेड मांडीवर वळत वळत एकमेकांत घाल. रस अंगाला लागला की खाज सुटते, म्हणून ठेचताना हातमोजे. पहिला दोर वेडावाकडा होईल, पाचवा तुझं वजन घेईल की नाही ते झाडाला बांधून बघ. रानात हेच काम केवणीच्या सालीने होतं, जिला मुरुडशेंग म्हणतात ती.

रानातलं खाणं शिकायचं असेल तर त्यासाठी वेगळ्या वेळी जा. जानेवारीत आपल्या रानात खायला फार काही नसतं. करवंदं-जांभळं उन्हाळ्यात, रानभाज्या पहिल्या पावसात. आणि वाडीतल्या मावशींकडूनच शिक, फोटो बघून अजिबात नाही. शेवळं तर काकडं (आंबट रानफळं) किंवा चिंच घालून नीट शिजवली नाहीत तर घसा धरतो. कळलावीचं फूल दिसायला इतकं सुंदर आणि कंद खाल्ला तर माणूस जातो. अळंबीला एकट्याने हातसुद्धा लावू नकोस.

पाण्याचं थोडक्यात सांगते. जानेवारीत घाटमाथ्यावरचे कितीतरी ओढे आटलेले असतात, त्यामुळे एक लिटरची बाटली पुरणार नाही, चार-पाच लिटर जवळ ठेव आणि पाणवठा आदल्या दिवशी डोळ्यांनी बघून ये. टाक्याचं असो की झऱ्याचं, फडक्यातून गाळून खळखळ उकळी आणून मिनिटभर ठेवायचं. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर त्याच्या आसपास जाळ, धूर, सेंट, आरडाओरडा काही नको, तिथून गुपचूप लांब व्हायचं. थंडी एक आकड्यात जाते, म्हणून खाली मॅट जाड घे, वरच्या पांघरुणाइतकीच खालून येणारी थंडी बोचते. हेडलॅम्प दोन, पॉवरबँक, शिट्टी, क्रेप बँडेज. सॅटेलाइट मेसेंजर मात्र मागवू नकोस, व्हिडिओत सगळ्यांकडे असतो पण आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय तो वापरता येत नाही, उगाच केस होईल.

आता एकट्याची रात्र. ती तुला हवी आहे आणि ती तू घेच. पण वाडीत दोन वेळा जाऊन आल्यावर, तिसऱ्या खेपेला. मामांच्या घरापासून अर्धा-एक किलोमीटरवर, त्यांच्याच किंवा त्यांच्या भावकीच्या वावरात, शिट्टी ऐकू जाईल आणि तुझा जाळ त्यांच्या अंगणातून दिसेल एवढ्या अंतरावर. त्यांना सांगून ठेव की सकाळी आठपर्यंत चहाला आलो नाही तर बघायला या. चार रात्री नको, एकच. तुला वाटेल हे काय, हाकेच्या अंतरावर कसलं आलंय एकटेपण? रात्री दोन वाजता जाग येऊ दे, जाळ निखाऱ्यावर आलेला असतो, झाडीत काहीतरी पावलं टाकत चाललेलं असतं आणि तू श्वास धरून ऐकत असतोस की ते जवळ येतंय का लांब जातंय, तेव्हा वाडी एक किलोमीटर काय आणि दहा किलोमीटर काय, सारखंच वाटतं. ती रात्र नीट गेली, सकाळी तुझे हात शाबूत, जाळ विझवलेला, सामान आवरलेलं, तर मग पुढच्या महिन्यात दोन रात्री कर. चार रात्रींना पुढचा हिवाळा उजाडला तरी चालेल, रान कुठे पळून जात नाही.

आणि आईचं. कंपनीची ट्रिप असं सांगून जाऊ नकोस. चांगलं-वाईट म्हणून नाही बोलत मी, साधा व्यवहार सांगते. तू सोमवारी घरी आला नाहीस तर ती कंपनीत फोन करेल, तिथे ट्रिपच नाही असं कळेल, मग मित्रांना फोन, मग पोलीस, आणि तोपर्यंत कुणालाच माहीत नसेल की शोधायचं पिंपरीत, गोव्यात की अकोल्यात. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर म्हणून गिर्यारोहकांची मदत यंत्रणा आहे, तिची माणसं आपलं कामधंद्याचं सोडून अर्ध्या रात्री दोर घेऊन निघतात, पण त्यांनाही कुणीतरी जागा सांगावी लागते. त्यांचा हेल्पलाइन नंबर, ११२, १०८ आणि वाडीच्या जवळचा सापाची लस असणारा दवाखाना, हे सगळं एका कागदावर लिही. त्याखाली मामांचं नाव, नंबर, वाडी, कुठल्या वावरात आहेस, आणि कितीपर्यंत फोन येईल ती वेळ. तो कागद आईच्या हातात दे, फ्रिजला लावून पळू नकोस, समोर बसून वाचून दाखव. घाबरेल ती, घाबरू दे. दोन प्रश्न विचारेल, त्यातला एखादा तुझ्या डोक्यात आलेलाच नसेल.

जमलं तर पहिल्या खेपेला तिलाच वाडीत घेऊन जा, दिवसापुरतं. त्या मावशी आणि ती चुलीपाशी बसून बोलतील, तू मामांबरोबर रानात जाशील. जाताना साखर, चहापूड आणि घरातल्या पोरांसाठी वह्या घेऊन जा, आणि केवणीची साल काढायला कुठल्या ओढ्याला जायचं ते मामांना आधीच फोनवर विचारून ठेव, म्हणजे ते सकाळी लवकर निघायच्या तयारीत असतील.

– ताई